‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ जड नसते

माझी भाची चार वर्षांची झाली तरी काकाला ‘ताता’ म्हणायची. गाय म्हणजे दाय, घर म्हणजे धर, आणि ‘गाडी गेली’चं ‘दाडी देली’. घरातलं सगळ्यांचं एकच मत, जीभ जड आहे, होईल आपोआप. मला तेव्हापासून हा ‘जीभ जड’ शब्दप्रयोगच डोक्यात जातो, कारण त्याच्यामुळे दोन गोष्टी होतात, एकतर लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसतात नाहीतर जिभेवरच उपाय करत सुटतात.

आता गंमत बघा. शाळेत शिकलेली वर्णमाला आठवा. क ख ग घ ही ओळ कंठ्य, म्हणजे जिभेचा मागचा भाग वर टेकतो, आणि त थ द ध ही दंत्य, जिभेचं टोक दातांपाशी. भाची क चा त करत होती, ग चा द, घ चा ध. म्हणजे ओळ बदलली पण रकाना तोच! ग म्हणताना घशातल्या स्वरतंतूंचं कंपन लागतं, ते द मध्येही आहे. घ ला श्वासाचा जोर लागतो, तो ध मध्येही बरोबर आला. एका अक्षरासाठी मेंदूला तीन निर्णय घ्यावे लागतात, कंपन हवं का, श्वासाचा जोर हवा का, आणि जीभ कुठे टेकवायची, त्यातले दोन ती प्रत्येक वेळी अचूक घेत होती आणि तिसरा प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने चुकवत होती. जीभ खरंच जड असती तर सगळंच बोबडं आणि वेडंवाकडं आलं असतं ना? इतकी शिस्तबद्ध चूक म्हणजे डोक्यात एक नियम बसलाय. स्पीच थेरपिस्ट याला ‘फ्रंटिंग’ म्हणतात, मागचे आवाज पुढे आणणं. लहानपणी खूप मुलं हे करतात आणि साधारण साडेतीन वर्षांपर्यंत सोडून देतात. काही मुलांचा मात्र नियम तसाच राहतो.

मग मुलाला स्वतःला फरक ऐकू येत नाही का? येतो! जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये एका मुलाचा किस्सा लिहिलाय, तो खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा. मोठ्या माणसाने विचारलं हा तुझा फिस का, तर तो म्हणाला नाही, माझा फिस. परत विचारलं तुझा फिश का, तर हो, माझा फिस. म्हणजे कानाला पक्कं माहितीय, तोंडातून वेगळं निघतंय. भाचीला आम्ही मुद्दाम ‘ताता आले’ म्हटलं की ती चिडायची, ‘ताता नाही, ताता!’

याच्यापुढे जरा किचकट आहे पण मला हे सगळ्यात आवडतं. टाळूवर बसणारी एक पातळ पट्टी असते, तिच्यावर इलेक्ट्रोड असतात आणि जीभ कुठे कुठे टेकली ते कॉम्प्युटरवर दिसतं, इलेक्ट्रोपॅलाटोग्राफी. त्यात असं दिसलं की उच्चार अडलेल्या काही मुलांची जीभ टोक आणि मागचा भाग असे वेगवेगळे हलवतच नाही, अख्खी जीभ एका फळीसारखी टाळूला लागते, आणि ती सुटताना कुठला भाग शेवटी सुटतो त्यावर आपल्याला त ऐकू येतो की क ते ठरतं. त्याहून भारी म्हणजे ध्वनिलहरी मोजल्या की काही मुलांच्या खऱ्या त मध्ये आणि क च्या जागी आलेल्या त मध्ये बारीक फरक सापडतो. मूल फरक करतंय, आपल्याच कानांना तो पकडता येत नाही!

म्हणूनच शिट्ट्या वाजवणं, फुगे फुगवणं, गाल फुगवून जिभेचा ‘व्यायाम’ असले प्रकार उच्चारासाठी उपयोगी पडतात याला चांगला पुरावा नाही. बोलायला ताकद फार कमी लागते, लागतो तो नेमकेपणा. जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलायला लागेल हेही तसंच, त्या पडद्यामुळे बोलणं उशिरा सुरू होतं असं नाही. आणि वाचा सुधारणाऱ्या थेंबांच्या नि पावडरींच्या जाहिरातींवर तर एक पैसाही घालवू नका.

थेरपीत मग काय करतात? सगळ्यात आधी श्रवणचाचणी, मूल हाक मारल्यावर बघत असलं तरीही, कारण कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर मूल बहिरं नसतं पण आवाजातले बारकावे पुसट होतात. मग क काढायला शिकवतात, जिभेचं टोक हलकेच दाबून धरतात किंवा पाठीवर झोपवतात म्हणजे जीभ आपोआप मागे सरकते. आणि मग जोड्यांचा खेळ. दोन चित्रं, कार आणि तार. मुलाने मागायचं, थेरपिस्टने जे ऐकू आलं तेच द्यायचं. भाचीला कार हवी होती, ती म्हणाली ‘तार’, हातात वायरचं चित्र आलं. ती बघतच राहिली. पहिल्यांदा तिला कळलं की आपल्या उच्चाराने अर्थच बदलतो. ही पद्धत 1980 च्या दशकापासून वापरात आहे, आणि दहा हजार वेळा ‘नीट म्हण, काका म्हण’ करण्यापेक्षा ही मला कितीतरी शहाणपणाची वाटते. घरी फक्त एवढंच, ती ‘दाडी देली’ म्हणाली की आपण ‘हो, गाडी गेली’ म्हणायचं, परत म्हणायला लावायचं नाही.

हे झालं उच्चाराचं. भाषाच उशिरा येणं वेगळं, त्यात शब्द आणि वाक्यंच कमी असतात. दोन वर्षांपर्यंत पन्नास शब्द नाहीत किंवा दोन शब्द जोडत नाही तर दाखवून घ्या. बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, पण कुठलं येईल ते आधी सांगता येत नाही म्हणून वाट बघत बसू नका. आणि येणारे शब्द बोलायचं बंद झालं तर वय कितीही असो, लगेच.

भाचीचा पहिला स्वच्छ ‘काका’ काही महिन्यांनी आला. त्यानंतर पंधरा दिवस ती दाराला ‘गार’ आणि तोंडाला ‘कोंड’ म्हणत होती, आम्ही घाबरलो, थेरपिस्ट मात्र खूश झाल्या, म्हणाल्या जुना नियम मोडलाय, नवा कुठे थांबवायचा ते ती शोधतेय.