पार्श्वभूमी : ‘बूट पार्टिशन’ म्हणजे नेमकं कुठलं?

बेळगावात असेंबल केलेला पीसी घेतला की सी, डी, ई अशी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग, पाडूनच घरी यायचा. लिनक्सला उरायचं ते डिस्कचं शेपूट, आणि तिथेच गाडी अडायची. लिलो हे बूटलोडर, म्हणजे पीसी चालू होताना लिनक्स सुरू करून देणारं साधन, एकेक टप्पा पार पडेल तसं स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर पडद्यावर उमटवायचं. नाव अर्धवट राहिलं की समजायचं, आज काही खरं नाही.

कारण बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताच आधी धावणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, होतं. जुन्या बायोसला 1024 सिलिंडरांपलीकडचं, म्हणजे फार तर 8.4 जीबीच्या पुढचं, वाचता येत नसे, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) उचलायला लिलो त्याच्यावरच विसंबून. म्हणून डिस्कच्या सुरुवातीला छोटं स्लॅश-बूट (/boot, कर्नल ठेवायचं वेगळं पार्टिशन) काढायची पद्धत पडली. पुढे बायोस आणि लिलो दोन्ही सुधारले. तरी आमच्याकडच्या क्लासांत ते वेगळं काढायला लावतच राहिले, का ते न सांगता. रूट (लिनक्सचं मुख्य पार्टिशन) एन्क्रिप्ट केलेलं असेल तर ठीक. एरवी मला ती नुसती सवय वाटते.

खरा गुंता शब्दाचा. 1983 च्या डॉस 2.0 पासूनच्या एमबीआरमध्ये (डिस्कच्या अगदी सुरुवातीला असणारा पार्टिशनांचा जुना तक्ता) ‘बूट’ म्हणजे पार्टिशनवरची ‘अ‍ॅक्टिव्ह’ ही खूण. लिनक्सवाल्यांना स्लॅश-बूट अभिप्रेत. विंडोजच्या कागदपत्रांत तर उलटंच : विंडोज जिथे बसलंय ते बूट पार्टिशन, बूटच्या फाइली असतात ते सिस्टीम पार्टिशन! यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी व्यवस्था) आल्यावर त्या फाइली फॅट32 या फाइलसिस्टीममधल्या (फाइली मांडायची पद्धत) ईएफआय सिस्टीम पार्टिशनवर गेल्या. आणि पार्टेड हे पार्टिशनं पाडायचं साधन जीपीटी (एमबीआरऐवजीचा नवा तक्ता) डिस्कवर ‘बूट’ फ्लॅग लावायला सांगितलं की याच पार्टिशनाची खूण करतं. निपाणीहून फोनवर कुणी ‘बूट पार्टिशन उडालं’ म्हटलं, तर आधी विचारावं लागतं, कुठलं?

त्यात आणखी एक भर. एमबीआर डिस्कवर पहिल्या पार्टिशनाआधी मोकळी राहणारी जागा ग्रब हा लिलोनंतरचा बूटलोडर वापरतो. जीपीटीत तिथे पार्टिशनांचा तक्ता येतो. त्यामुळे खानापूरच्या जुन्या बायोसवाल्या मशीनला जीपीटी केलेली एसएसडी लावली, तर ग्रबसाठी 1 एमबीचं बायोस बूट पार्टिशन द्यावं लागतं. त्यात फाइलसिस्टीम नसते, ते कुठे माउंटही होत नाही (फोल्डर म्हणून जोडलं जात नाही). रिकामं दिसतं म्हणून फॉरमॅट मारू नका.