पाटीखालचा तांबूस चौकोन: उघड्यावरच्या सीडरला जपण्यामागचा इतिहास

उन्हापावसात वीसेक वर्षे काढलेल्या, सीडरच्या म्हणजे देवदारासारख्या लाकडाच्या भिंतीवरची एखादी पाटी काढून पाहावी. पाटीखालचा चौकोन अजून तांबूस असतो, हाताला गुळगुळीत लागतो. भोवतालची फळी मात्र राखाडी झालेली असते. नखाने खरवडली की बारीक तंतू सुटतात आणि लोखंडी खिळ्यांखाली काजळ ओघळावे तशा निळ्या-काळ्या रेघा दिसतात. पाटीने अडवले ते ऊन, आणि उन्हाने सैल केलेले धुऊन नेणारे पाणी. हे नीट कळायला फार काळ लागला, कारण सगळ्यांचे लक्ष कीड आणि कुज यांच्याकडे होते.

त्या बाबतीत सीडर मुळातच बळकट. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने लिहून ठेवले आहे की, सीडरचे तेल चोळलेल्या ग्रंथांना कसर आणि बुरशी लागत नाही. म्हणजे त्या काळी सीडरला काही लावण्याऐवजी सीडरच दुसऱ्या वस्तूंना लावत. गिझाच्या पिरॅमिडशेजारी १९५४ साली सापडलेली, इजिप्तचा राजा खुफू याची नौका सुमारे ४३ मीटर लांब आहे आणि मुख्यतः लेबनॉनच्या सीडरची आहे. साडेचार हजार वर्षांनंतरही तिचे भाग जोडून ती पुन्हा उभी करता आली. पण ती बंद खड्ड्यात होती, तिने ऊन पाहिलेच नव्हते. त्यामुळे उघड्यावरच्या टिकाऊपणाचा दाखला म्हणून ती पुढे करणे मला पटत नाही.

नावाचाही घोळ आहे. हिमालयातला देवदार आणि लेबनॉनचा सीडर हे खरे सीडर. घराच्या भिंतींना, कुंपणाला आणि छताला सर्वाधिक वापरला जाणारा पश्चिमी लाल सीडर हा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा थुजा नावाचा वृक्ष आहे, तर जपानी सीडर म्हणजे सुगी. ही दोन्ही झाडे सायप्रस वृक्षाच्या कुळातली.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हायडा लोकांनी याच लाल सीडरचे कोरीव स्तंभ उभे केले. त्यांच्या परंपरेत स्तंभ कलला, पडला, मातीला मिळाला तरी ते स्वाभाविकच मानत. १९८१ साली जागतिक वारसा ठरलेल्या कॅनडातल्या स्गांग ग्वाय बेटावर असे झिजलेले स्तंभ आजही उभे आहेत. जपानमध्ये वेगळीच युक्ती निघाली. सुगीच्या तीन फळ्या त्रिकोणी नळीसारख्या बांधायच्या, खालून जाळ घालायचा आणि आतला पृष्ठभाग कोळशासारखा करून घ्यायचा. त्या काळ्या थरामुळे ऊन आतल्या लाकडापर्यंत पोहोचत नाही. कारण माहीत नसताना साधलेला हा उपाय मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो.

पुढे तैलरंगांनी सीडरही झाकला जाऊ लागला आणि नवी डोकेदुखी सुरू झाली. पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग वर येऊ लागले, कारण लाकडातली रंगीत द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येतात. खिळ्यांखालची काळी रेघ हीसुद्धा त्यांचीच करणी. लोखंडाशी संयोग होऊन जुन्या लोहशाईसारखाच रंग तयार होतो. म्हणून सीडरला स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा जाड थर दिलेले खिळे वापरायचे. पडलेला डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतो.

सीडर कुजत का नाही, याचे रासायनिक उत्तर १९४८ साली स्वीडनमधील एर्टमन आणि ग्रिपेनबर्ग यांनी दिले. लाल सीडरच्या गाभ्यातली थुजाप्लिसिन ही द्रव्ये बुरशीला मारक असतात. मात्र साल आणि गाभा यांच्यामधल्या फिकट लाकडात हे संरक्षण नसते, आणि पावसाने ही द्रव्ये पृष्ठभागातून हळूहळू धुपतात.

उन्हाचा हिशेब अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या वनोपज प्रयोगशाळेत लागला. लाकडाचे तंतू धरून ठेवणारे लिग्निन अतिनील किरणांनी तुटते आणि सुटलेले तंतू पाऊस नेतो. लाल सीडरसारखे हलके लाकूड असे शतकभरात १२ मिलिमीटरपर्यंत झिजू शकते. पारदर्शक वार्निश का सोलते, तेही यातूनच उलगडते. वार्निशमधून किरणे आत शिरतात, थराखालचे लाकूडच सैल होते आणि पापुद्रा त्या सैल तंतूंसकट सुटतो.

१९५०च्या दशकात याच प्रयोगशाळेने सीडरच्या भिंतींसाठी ‘मॅडिसन फॉर्म्युला’ तयार केला. त्यात जवसाचे तेल, पॅराफिन मेण, बुरशीनाशक पेंटाक्लोरोफेनॉल आणि लोहाच्या ऑक्साइडचे रंगद्रव्य होते. हे मिश्रण वर थर न धरता लाकडात मुरते. ऊन अडवते ते रंगद्रव्य, पाणी थोपवते ते मेण. सोलायला वर थरच नसल्यामुळे पुन्हा हात देताना जुने खरवडावे लागत नाही. पेंटाक्लोरोफेनॉल विषारी असल्याने पुढे अशा मिश्रणांतून गेले, बाकीचे तत्त्व आजच्या अर्धपारदर्शक स्टेनमध्ये, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगात, कायम आहे.

तिथलाच १९८७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग कामावरच्या प्रत्येक सुताराला ठाऊक असावा. सीडरच्या कोऱ्या फळ्या काही आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत उघड्यावर ठेवून मग रंगवल्या. जितका उशीर झाला, तितकी रंगाची पकड कमी भरली. ‘नवे लाकूड हंगामभर उन्हात राहू दे, मग रंगवू’ हा सल्ला त्यामुळे सीडरच्या मुळावर येतो. फळ्या सावलीत, कोरड्या जागी ठेवाव्यात. खिळा मारण्याआधी पाठीमागून रंगाचा एक हात द्यावा. कापलेले टोक मात्र ब्रश पुन्हा पुन्हा टेकवून तृप्त करावे, कारण फळी सर्वांत जास्त पाणी तिथूनच पिते.