बीच ओळखायचा तर पान उलटं करा

आमच्या कोल्हापुरात बीच म्हटलं की गाडी थेट मालवण नायतर गणपतीपुळ्याकडं वळते, पण हा बीच म्हणजे झाड. युरोप, अमेरिका, चीन, जपान अशा थंड मुलखातलं, आपल्या दाजीपूरच्या जंगलात शोधून सापडणार नाही. जाती तशा थोड्याच, साधारण 10-12, पण बऱ्याच जणींची पानं लांबून बघितली तर बहिणी-बहिणीच वाटतात, तोच अंडाकृती आकार, त्याच सरळ शिरा, मग ओळखायचं कसं?

पान उलटं करून. जपानात बुना आणि इनुबुना असे दोन बीच आहेत, त्यातल्या इनुबुनाचं पान खालून पांढुरकं दिसतं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं की तिथल्या पेशींवर बारके बारके फुगवटे दिसतात, त्यांना पॅपिला म्हणतात. बुनाला ते नाहीत. चीनमधल्या एंगलेरियाना जातीला मात्र आहेत, आणि गंमत म्हणजे इनुबुना आणि एंगलेरियाना ही दोन्ही झाडं बुंध्यापासूनच अनेक खोडं काढतात, म्हणून या दोघी एकाच गटात बसवल्यात. नुसत्या फुगवट्यांवर कोणी निकाल लावत नाही, फळाची टरफलं वगैरेपण बघावी लागतात.

पानावरच्या सगळ्याच खुणा भरवशाच्या नसतात हो. युरोपातल्या बीचच्या कोवळ्या पानाला कडेनं रेशमासारखी लव असते, पान जून झालं की बरीचशी गळते. पर्णरंध्रांची, म्हणजे पान ज्यातून श्वास घेतं त्या बारक्या छिद्रांची, नुसती संख्या तर त्याहून फसवी, एकाच झाडाच्या उन्हातल्या आणि सावलीतल्या पानात वेगळी येते. 1987 साली वुडवर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं जपून ठेवलेली जुनी पानं मोजली तर 200 वर्षांत रंध्रांची दाटी साधारण 40 टक्क्यांनी घटलेली निघाली, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला. म्हणजे संख्या हवामान सांगते, जात नाही. जातीसाठी रंध्राभोवतीच्या पेशींची मांडणी बघायची, ती सहसा बदलत नाही.

बीच नाही म्हणून काय झालं, कुंडीतलं रिओ हे शोभेचं झाड घ्या. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळलं की सेलोटेपनं उचला आणि काचपट्टीवर चिकटवा, मायक्रोस्कोपखाली प्रत्येक रंध्राभोवती चार पेशींची चौकट दिसेल. मी हाच प्रयोग दारातल्या कण्हेरीवर केला आणि एकही रंध्र दिसेना, नेलपॉलिशवर खापर फोडून झालं, मग कळलं की कण्हेरीची रंध्रं लव भरलेल्या खड्ड्यात लपलेली असतात. तिथं पान ब्लेडनं आडवं कापूनच बघायला लागतंय.