रानफुलांतील सख्ख्या जाती ओळखणे : वाळवंट आणि पर्वत

एकाच प्रजातीतल्या आणि दिसायला एकसारख्या रानफुलांच्या जाती जागच्या जागी वेगळ्या ओळखण्याची रीत. या नोंदीत 'जाती' हा शब्द वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत खालच्या मुख्य पायरीसाठी आणि 'प्रजाती' हा तिच्या वरच्या पायरीसाठी, म्हणजे जातींच्या गटासाठी वापरला आहे. बोलताना हल्ली याच्या नेमके उलट वापरतात आणि तिथूनच अर्धा घोळ सुरू होतो.

वाळवंटात आणि उंच डोंगरावर हे काम इतर ठिकाणांपेक्षा अवघड जाते. दोन्हीकडे फुलण्याचा हंगाम आखूड असतो आणि योग्य जागा तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या असतात. सपाटीने वेढलेला डोंगर वनस्पतीच्या दृष्टीने बेटच असतो. अशा बेटांवर एकाच पूर्वजाची संतती वेगवेगळ्या वाटांनी जाते, पण त्या वाटा फार दुरावलेल्या नसतात. त्यातच एकाच जातीचे झाड हवामानाप्रमाणे रूप पालटते. कोरड्या वर्षी वाळवंटातले एखादे रोप अंगठ्याएवढे वाढून एका फुलावर संपते. त्याच बियाण्यातले भावंड चांगल्या पावसाच्या वर्षी गुडघ्यापर्यंत येते. त्यामुळे उंची, पानांचा आकार, फुलांची संख्या ही नजरेत पटकन भरणारी लक्षणे ओळखीसाठी सर्वांत कमी भरवशाची ठरतात.

रंगाचीही तीच गत आहे. अमेरिकेतील मोहावी वाळवंटाच्या पश्चिम कडेला लिनँथस पॅरी हे जमिनीलगत फुलणारे इवलेसे रोप आढळते. त्याची काही रोपे पांढरी फुलतात, काही निळी. काही पट्ट्यांत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि ती एकच जात आहे. एपलिंग आणि डोब्झॅन्स्की या शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये या निळ्या-पांढऱ्या वाटणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे स्युअल राइट यांनी तोच आधार घेऊन उत्क्रांतीत योगायोगाचा वाटा किती, हा वाद रंगवला. ओळखणाऱ्याने यातून एवढेच घ्यायचे की रंग निराळा दिसला म्हणून जात निराळी ठरत नाही. एन्सेलिया फॅरिनोसा या वाळवंटी झुडपाच्या पिवळ्या फुलाची मधली चकती काही भागांत पिवळी, तर काही भागांत तपकिरी असते. शेजारची एन्सेलिया ॲक्टनाय वेगळी कळते ती देठावरून. फॅरिनोसात फांद्या फुटलेल्या एका दांड्यावर अनेक फुले येतात, ॲक्टनायमध्ये लांब देठावर एकटे फूल उभे राहते. फॅरिनोसाच्या पानांवरची पांढरी लव मात्र जपून वापरावी. कोरड्या दिवसांत ती दाट होते आणि पाऊस झाल्यावर येणारी पाने बरीच हिरवी असतात.

मग पाहायचे काय? अनुभवी माणूस फुलाच्या तोंडाकडे कमी आणि पाठीकडे, बुडाकडे, आतल्या अवयवांकडे जास्त पाहतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी वाळूत संध्याकाळी उमलणारे ईनोथेरा डेल्टॉइडस आणि त्याच्या शेजारीच वाढणारे कायलिस्मिया क्लॅव्हिफॉर्मिस ही दोन्ही पांढरी, दोन्ही चार पाकळ्यांची, दोन्ही एकाच कुळातली. पहिल्याचे फूल मोठे असते हे खरे, पण रोडावलेल्या रोपावर ते लहानही येते. फूल डोळ्यांजवळ धरून मधोमध उभ्या असलेल्या किंजल्काकडे, म्हणजे परागकण झेलणाऱ्या टोकाकडे पाहावे. ईनोथेरात ते टोक चार बोटांसारखे फाकून अधिकाच्या चिन्हासारखे पसरलेले दिसते. कायलिस्मियात तिथे टाचणीच्या डोक्यासारखा गोल गोळा असतो. हे लक्षण पावसावर अवलंबून नाही. पूर्वी कॅमिसोनिया या एकाच प्रजातीत कोंबलेल्या या गोळेवाल्या गटाची २००७ मध्ये फेरमांडणी होऊन तिच्या अनेक प्रजाती झाल्या, तरी चार बोटे की गोळा हा प्रश्न तसाच उपयोगी राहिला.

नारिंगी पॉपीची गोष्टही अशीच. एश्शोल्झिया कॅलिफोर्निका हे कॅलिफोर्नियाचे राज्यफूल मोहावीच्या पश्चिमेकडील अँटेलोप खोऱ्यात टेकड्याच्या टेकड्या रंगवते. वाळवंटात आत गेले की एश्शोल्झिया मिन्युटिफ्लोरा आणि एश्शोल्झिया ग्लिप्टोस्पर्मा भेटतात. कॅलिफोर्निकाच्या पाकळ्यांखाली बशीच्या काठासारखी पसरट कड असते आणि पाकळ्या गळाल्यावरही ती कोवळ्या शेंगेच्या बुडाशी गळपट्टीसारखी राहते. वाळवंटी दोघींत अशी पसरट कड नसते. त्या दोघींना एकमेकींपासून वेगळे करायचे तर खाली वाकावे लागते. ग्लिप्टोस्पर्माची सगळी पाने बुडाशी झुपक्यात असतात आणि फुलाचा दांडा उघडा असतो, मिन्युटिफ्लोराच्या दांड्यावर पाने असतात. मिन्युटिफ्लोराच्याही आत तीन उपजाती मानतात. त्यांच्या जननपेशींत अनुक्रमे ६, १२ आणि १८ गुणसूत्रे असतात आणि गुणसूत्रांची संख्या वाढत जाते तसे फूल लहान होत जाते. इथे नुसत्या डोळ्याची हद्द संपते.

पर्वतावर आणखी एक साधन हाती येते, ते म्हणजे पायाखालचा खडक. आल्प्समधील जेन्शियाना अकॉलिस आणि जेन्शियाना क्लूसाय यांची गर्द निळी, कर्ण्यासारखी फुले लांबून एकच वाटतात. अकॉलिस आम्ल, सिलिकायुक्त खडकावरच्या मातीत वाढते, क्लूसाय चुनखडीवर. खात्री करायची तर फुलाच्या घशात डोकवावे. अकॉलिसच्या घशात हिरवट ठिपक्यांचे पट्टे असतात, क्लूसायमध्ये ते जवळजवळ नसतात. फुलाखालच्या हिरव्या पेल्याचे दातेही पाहावेत. अकॉलिसचे दाते रुंद आणि तळाशी आवळलेले, क्लूसायचे सरळ टोकदार त्रिकोण. नेमकी हीच वाटणी तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझुडपाच्या प्रजातीतही दिसते. फेरुजिनियम आम्ल मातीत वाढते आणि त्याच्या पानाची खालची बाजू गंजासारख्या तांबूस खवल्यांनी भरलेली असते. हिर्सुटम चुनखडीवर वाढते आणि त्याच्या पानाच्या कडेला पापण्यांसारखे केस असतात. दोन्ही खडक जिथे भेटतात तिथे दोघांचा संकर वाढतो. त्याचे नावच इंटरमीडियम, म्हणजे मधला. त्यात दोन्हीकडची लक्षणे मिसळलेली असतात. अशा झाडाला दोन्हीपैकी एका नावात बसवण्याचा हट्ट करू नये.

उंचीमुळे दिसणारा फरक जातीचा की जागेचा, हा प्रश्न क्लॉसेन, केक आणि हिसी या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी प्रयोगाने सोडवायला घेतला. त्यांनी एकाच झाडाचे तुकडे करून ते कॅलिफोर्नियात तीन उंचींवर लावले : स्टॅनफर्डला सुमारे ३० मीटर, मॅथरला सुमारे १,४०० मीटर आणि सिएरा नेवाडा या पर्वतरांगेच्या माथ्याजवळ टिंबरलाइनला सुमारे ३,०५० मीटर. १९४० पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दोन्ही उत्तरे होती. तेच झाड जागा बदलल्यावर रूप बदलत होते, पण माथ्यावरून खाली आणलेली खुजी झाडे खालच्या मूळ झाडांइतकी वाढत नव्हती. म्हणजे खुजेपणाचा काही भाग वारशाने आलेला होता. तरीही खुजे झाड म्हणजे वेगळी जात असे म्हणायला हा आधार पुरत नाही. एका जातीच्या पोटात अशी स्थानिक रूपे कितीतरी असतात.

सिएरा नेवाडातली एरिथ्रँथी या प्रजातीतल्या दोन जातींची जोडी मात्र रंगाबद्दल आतापर्यंत लिहिलेल्या सगळ्याला छेद देते. एरिथ्रँथी ल्युइसाय साधारण १,६०० ते ३,००० मीटर उंचीवर वाढते. तिचे फूल गुलाबी, पाकळ्या पुढे पसरलेल्या, आत पिवळ्या रेषा आणि मकरंद थोडा. तिच्याकडे भुंगमाश्या येतात. एरिथ्रँथी कार्डिनॅलिस समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरपर्यंत आढळते. तिचे फूल लाल, पाकळ्या मागे दुमडलेल्या, नळी अरुंद, मकरंद भरपूर, आणि परागकोश बाहेर डोकावणारे. तिच्याकडे गुंजनपक्षी येतो. दोघींचा संकर काचघरात सहज होतो, पण रानात क्वचित सापडतो, कारण पाहुणे निराळे आहेत. ब्रॅडशॉ आणि शेम्स्के या संशोधकांनी २००३ मध्ये रंग ठरवणारा एकच जनुकभाग एकीकडून दुसरीत आणला. तेव्हा रंग बदललेल्या ल्युइसायकडे गुंजनपक्ष्यांच्या फेऱ्या ६८ पटींनी आणि रंग बदललेल्या कार्डिनॅलिसकडे माश्यांच्या फेऱ्या ७४ पटींनी वाढल्या. माशीला रंग पुरेसा असतो, माणसाने मात्र परागकोश आणि पाकळ्यांचा बाक बघूनच नाव द्यावे. शिवाय पुस्तक जुने असेल तर ही दोन्ही फुले त्यात मिम्युलस या नावाखाली असतील, आणि सिएरातल्या फिकट गुलाबी झाडांना आता काही जण एरुबेसेन्स अशी स्वतंत्र जात मानतात.

फोटोवरून नाव विचारणाऱ्यांची अडचण इथेच होते. फूल समोरून, तेही अगदी जवळून टिपलेले असते आणि निर्णायक भाग नेमका चौकटीबाहेर राहतो. बाजूने एक, मागून एक, पानाच्या खालच्या बाजूचा एक आणि बुडाचा एक, असे चार साधे फोटो एका देखण्या फोटोपेक्षा कामाचे. उंची आणि खडक लिहून ठेवावा. दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग गळ्यात असावे. फॅसेलिया प्रजातीतल्या काही जातींच्या केसांनी त्वचेवर खाज सुटते आणि फोड येतात, म्हणून तिथे हात लावण्यापूर्वी भिंग लावावे.

काही प्रजातींत फूल असून नसल्यासारखेच. क्रिप्टँथाची पांढरी, काही मिलिमीटरांची फुले जातीजातींत इतकी सारखी की नाव ठरते ते पिकलेल्या बियांसारख्या बारीक फळांवरून : एका फुलातून किती धरली, ती गुळगुळीत की खरखरीत, त्यांच्यावरची खाच सरळ की बुडाशी फाटलेली. या रोपाचा फुलोरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो आणि बुडाकडून उमलत टोकाकडे जातो. म्हणून टोकाला ताजे फूल असतानाच त्याच दांड्याच्या बुडाशी वाळलेला पेला शोधायचा, तो नखाने उकलायचा आणि आतली फळे तळहातावर घेऊन भिंगाखाली धरायची.