नऊ वार : मापाचे की घावाचे?

‘गो द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे हातचं काही न राखता काम तडीस नेणं. कष्ट आणि मारामारी यांची सरमिसळ असलेल्या इंग्रजी वाक्प्रचारांत यानंच मूळ शोधणाऱ्यांना सर्वाधिक दमवलंय. ‘अप टू स्क्रॅच’चं, म्हणजे अपेक्षेला पुरं उतरण्याचं, मूळ सरळ आहे. १८३८च्या मुष्टियुद्ध नियमांनुसार पडलेल्याला ३० सेकंद विश्रांती मिळे. मग ८ सेकंदांत, कुणाच्या आधाराविना, आखाड्यातल्या रेघेपाशी, म्हणजे ‘स्क्रॅच’पाशी, यावं लागे. नाही आला की हरला.

नऊ यार्डांची लाडकी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. लढाऊ विमानातल्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा २७ फूट, म्हणजे ९ यार्ड. तो शत्रूवर पुरता रिकामा केला की झाले ‘होल नाइन यार्ड्स’. आपण यार्डाला वार म्हणतो आणि वार म्हणजे घावही, त्यामुळे मराठी कानाला ही कथा चटकन पटते. पण पट्टे सगळ्या विमानांत सारखे नव्हते. काँक्रीटच्या गाड्या, जहाजाच्या डोलकाठ्या, प्रेतवस्त्र असे बाकीचे दावेदार तर आणखी लंगडे.

बंदुकीची कथा चिकटली ती १९६०च्या दशकामुळे. १९६४मध्ये अमेरिकी अंतराळ कार्यक्रमातल्या बोलीवर एक बातमी छापून आली; तिच्यात या शब्दांचा अर्थ कुठल्याही प्रकल्पाचा एकेका बाबीनुसार दिलेला तपशीलवार अहवाल असा दिलाय. पाठोपाठ व्हिएतनाममधल्या वैमानिकांच्या तोंडीही ते आले. सैनिक बोलतात म्हणजे मूळही सैन्यातलंच, असं लोकांनी धरून टाकलं.

जुनी वर्तमानपत्रं संगणकावर आल्यावर पंचाईत झाली. १९१२च्या, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका वर्तमानपत्रात रिपब्लिकन पक्षातल्या दोन बड्यांच्या भांडणावर टोमणा आहे : तापू द्या जरा, मग ते ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगतील. नऊ नव्हे, सहा! १९०७च्या इंडियाना राज्यातल्या वर्तमानपत्रात बेसबॉल सामन्याच्या जाहिरातीवजा मजकुरात ‘फुल नाइन यार्ड्स’ आहे. खेळाडू झेपतील तेवढे डाव खेळतील, पण ‘फुल नाइन यार्ड्स’चं वचन देता येत नाही, असं तिथं म्हटलंय. १९०७मध्ये कसली आली लढाऊ विमानं? माझ्या लेखी पट्ट्याचा दावा तिथंच निकालात निघाला, तरी सांगणारे सांगतातच.

सहा आणि नऊ दोन्ही चालत असतील, तर २७ फूट मोजत बसण्यात हशील नाही. ‘क्लाउड नाइन’ (आनंदानं हवेत तरंगणं) मधला ढगही आधी कधी सातवा, कधी आठवा होता. कुणी वार कापडाचे धरतात, कुणी चघळून सांगितलेल्या लांबलचक गोष्टीचे. नऊवारीचं नावही या यादीत अधूनमधून घुसवलं जातं. सहावारीचा वशिला मात्र अजून कुणी लावलेला माझ्या पाहण्यात नाही.