अमेरिकन फुटबॉल, अर्बाना आणि ते पांढरं घर

आधीच सांगतो, खेळाशी काही संबंध नाही, हे बँडचं नाव आहे आणि गूगलवर शोधायला याहून वाईट नाव मिळणं कठीण. इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेनला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या गावात, १९९७ला तीन पोरं जमली: माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लॅमोस. माइक त्याआधी भावाबरोबर 'कॅप्न जॅझ' या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा, तिथे नुसता दंगा. इथे बरोब्बर उलटं, दोन गिटारी, डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम केलेला खरखरीत आवाज) जवळपास नाहीच, एकमेकींच्या मोकळ्या जागा भरत वाजतायत, ताल सरळ चाराचा राहत नाही पण ऐकताना मोजावंसं वाटत नाही, आणि ड्रमर लॅमोसच मध्ये ट्रम्पेट वाजवतो. बेसवाला नव्हताच, रेकॉर्डिंगला माइकनेच बेस वाजवला.

१९९८ला पॉलीव्हायनल या रेकॉर्ड लेबलने ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढली आणि सप्टेंबर १९९९ला त्या काळातला एकुलता एक अल्बम आला, तोही बँडच्याच नावाचा. तोवर कॉलेज संपत आलेलं. भांडणं नाहीत, ड्रग्ज नाहीत, डिग्री झाली आणि जो तो आपल्या वाटेला, २०००पर्यंत सगळं आटोपलं. माइक 'ओवेन' नावाने एकटा गाऊ लागला, लॅमोस पुढे चक्क प्रोफेसर झाला.

मग नेटवर गाण्यांच्या फाइली फिरत राहिल्या. २०१०च्या आसपास ईमोची (म्हणजे मनातलं उघडं करणाऱ्या, पंकमधून निघालेल्या रॉकची) नवी पिढी आली, तिने ही गिटारची ढब जशीच्या तशी उचलली. त्या अल्बममधल्या 'नेव्हर मेंट' गाण्याची सुरुवात वाजवायला गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या, एफ-ए-सी-जी-सी-ई अशा सुरांत लावाव्या लागतात (मी त्या नादात बी तार तोडलीय). २०१४ला अल्बम पुन्हा निघाला, बँडही परत आला, माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला बेसवर. नंतर २०१६ आणि २०१९ला अल्बम झाले, चांगले आहेत, पण पहिल्यातलं ते अर्धवट, आता उद्या काय असं वाटणारं काहीतरी त्यांत नाही. असणार तरी कसं, तोवर सगळे मोठी माणसं झालेले.

आणि पहिल्या अल्बमचं कव्हर. क्रिस स्ट्राँगने रात्री काढलेला फोटो, अर्बानातलं साधं पांढरं घर, वरच्या खिडकीत दिवा, बास. फॅन लोक तिथे जाऊन त्याच अँगलने फोटो काढायला लागले. घर पाडलं जाईल या भीतीने २०२३ला बँड, लेबल, स्ट्राँग आणि आणखी काही जणांनी मिळून ते विकतच घेतलं.