पोराचा खोकला, गादी आणि उगाच बदनाम केळं

पाऊस ओसरला की नाशकात दम्याच्या पेशंटचे हाल सुरू होतात आणि प्रत्येकाचा आरोपी ठरलेला असतो, कोणी रिकाम्या प्लॉटवरच्या गाजर गवताला शिव्या घालतं, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या धुराला, आणि घरात आजी असेल तर केळं आणि दही. आता गाजर गवत काही सोज्वळ नाहीये, त्याच्या परागांनी शिंका, खाज, दमा सगळं होऊ शकतं. पण पोराला पहाटे खोकल्याची उबळ येते तेव्हा खिडक्या तर बंद असतात ना?

बऱ्याचदा त्रास गादीतच असतो. डस्ट माइट नावाचा जीव, आकार जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर, आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, पाणी पीत नाही तर हवेतलाच ओलावा शोषून घेतो, म्हणून पावसाळ्यात त्याची चंगळ. तो चावत वगैरे नाही, त्रास होतो त्याच्या विष्ठेतल्या प्रोटीनचा. हे कण तसे जड, गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात परत खाली बसतात, त्यामुळे महागडा एअर प्युरिफायर आणून फार फरक पडत नाही, कारण पोरगं उशीत नाक खुपसूनच झोपलेलं असतं. मांजराचं उलटं, तिचं अ‍ॅलर्जन (म्हणजे अ‍ॅलर्जी उठवणारं प्रोटीन) इतकं हलकं की तासन् तास हवेत तरंगत राहतं.

आणि एक गंमत, म्हणजे पेशंटसाठी गंमत नाही. अशा कणांविरुद्ध शरीराने आधीच आयजीई नावाची अँटिबॉडी बनवून ठेवलेली असेल तर कण आत गेल्यावर काही मिनिटांत हिस्टामिन वगैरे रसायनं सुटतात, श्वासनळ्या आवळतात, ते शांत होतं, आणि पुष्कळांना ४ ते ८ तासांनी दुसरा झटका येतो, सूजेचा. दिवाळीची साफसफाई दुपारी, माळ्यावरच्या जुन्या गोधड्या खाली काढल्या, थोड्या शिंका आल्या, संपलं असं वाटलं आणि रात्री छातीत सुंई सुंई सुरू. मग दोष कोणाला, तर संध्याकाळी खाल्लेल्या केळ्याला!

अ‍ॅलर्जीच्या टेस्टचंही तसंच. हातावर एकेका संशयित वस्तूच्या अर्काचा थेंब टाकून हलकं टोचतात, १५-२० मिनिटांनी ३ मिमी किंवा जास्त फुगवटा आला तर पॉझिटिव्ह. (आधी काही दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर टेस्ट उगाच निगेटिव्ह येते.) पण पॉझिटिव्ह म्हणजे शरीर त्या वस्तूला ओळखतं एवढंच, तिच्यामुळेच दमा उठतो असं नाही. रिपोर्टमध्ये आठ-दहा प्लस दिसले म्हणून पोराचं खाणं, खेळणं सगळं बंद करणारे आईबाप बघून खरंच वाईट वाटतं. कधी, कुठे, काय करताना त्रास होतो हे त्या रिपोर्टशी जुळलं पाहिजे. आणि माइटच निघाला तर चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशाच्या पाण्यात धुवा, गादी-उशीला माइट आत-बाहेर करू शकणार नाहीत अशी घट्ट विणीची कव्हरं घाला, टेडी बेअर बेडवरून हलवा, आणि हे सगळं केलं म्हणून रोजचा पंप मनाने बंद करू नका.

मोठ्यांचं गणित जरा वेगळं. शाळकरी पोरांच्या दम्यात बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी सापडते, पण चाळिशीत पहिल्यांदा धाप लागली तर पुष्कळदा टेस्टमध्ये काहीच निघत नाही, आणि मग वजन, बिडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि मुख्य म्हणजे कामाची जागा बघावी लागते. पिठाच्या गिरणीतल्या माणसाला गव्हाच्या पिठाचीच अ‍ॅलर्जी होऊ शकते. कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, सालीखाली काजळीसारखी काळी पूड दिसते ना, ती अ‍ॅस्परजिलस बुरशी, तिचे बीजाणू ३ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे परागांपेक्षा कितीतरी बारीक. पराग बहुतेक नाकातच अडकतात, हे थेट फुफ्फुसात खोल जातात, म्हणून दमेकऱ्याने चाळीत कांदा निवडायला बसूच नये, बसावंच लागलं तर चांगला फिट बसणारा मास्क लावून, रुमाल बांधून भागत नाही. डॉक्टरकडे जाल तेव्हा एवढं नक्की सांगा की चार दिवस गावाला किंवा सुट्टीवर गेल्यावर धाप कमी होते का आणि कामावर परतल्यावर पुन्हा वाढते का.